एकाच टायमरवरची सहा झाडे

वाचक भगिनीचे पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही धुळे जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो. दोन वर्षांपूर्वी नवे घर बांधले, तेव्हा अंगणात फुलझाडे असावीत या हौसेने सोनचाफा, देवचाफा, बहावा, ताम्हण, पारिजातक आणि बकुळ अशी सहा झाडे लावली. शेतात केळीला ठिबक आहेच, म्हणून यजमानांनी घरीही ठिबक बसवून दिले. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी ताशी 4 लिटरचे दोन ड्रिपर आहेत आणि टायमरमुळे रोज सकाळी पंधरा मिनिटे पाणी सुटते. पाणी बोअरचे असून बरेच जड आहे. सोनचाफ्याची नवी पालवी पिवळी निघते आणि पानांच्या कडा करपतात. तो सुकत असावा असे वाटून कूलरमधले उरलेले पाणी आणि आर.ओ.चे वाया जाणारे पाणी मी त्यालाच घालते, तरी फरक नाही. देवचाफ्याचे खोड जमिनीलगत मऊ पडले आहे. बहाव्याची पाने मार्चपासून गळून तो उघडाबोडका झाला आहे आणि त्याला अजून एकही फूल आलेले नाही. ताम्हण जगले आहे, पण वाढत नाही. पारिजातक आणि बकुळीबद्दल तक्रार नाही. पाणी वाढवावे की खत बदलावे? शिवाय घराला लागून एका कोपऱ्यात जागा आहे, तिथे गुलमोहर लावावा असा मुलाचा आग्रह आहे. तो लावावा का?

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

पाणी वाढवू नका, खतही बदलू नका. आधी तो टायमर बंद करा. आपल्या पत्रातील बहुतेक दुखण्यांचे मूळ सहाही झाडांना रोज, सारखे आणि थोडेथोडे पाणी मिळते यात आहे. ताम्हण हे कोकणातल्या नद्या-ओढ्यांच्या काठचे झाड आहे. बहावा सातपुड्यासारख्या कोरड्या पानझडी जंगलात वर्षातले सात-आठ महिने पावसाविना काढतो. देवचाफा मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा, जाड खोडात पाणी साठवून ठेवणारा. तर सोनचाफ्याला पूर्व हिमालय आणि पश्चिम घाटातली दमट हवा व पालापाचोळ्याची निचऱ्याची माती मानवते. या चौघांची तहान एका घड्याळावर बसवली, तर कोणाला तरी कमी आणि कोणाला तरी जास्त होणारच.

यजमानांचा हिशेब कुठून आला असावा ते लक्षात येते. केळीची मुळे वरच्या फूट-दीड फुटातच पसरतात, म्हणून तिला रोज पाणी सोडणे योग्यच आहे. झाडाचे तसे नाही. त्याची मुळे खाली आणि बाजूला जावीत, हाच पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या पाण्याचा उद्देश असतो. ताशी 4 लिटरचा ड्रिपर पंधरा मिनिटांत एक लिटर पाणी टाकतो; दोन ड्रिपरचे मिळून दोन लिटर झाले. चैत्र-वैशाखातल्या आपल्याकडच्या उन्हात त्यातला बराचसा भाग वरच्या वरच उडून जातो आणि उरलेल्या पाण्याने बुंध्याभोवतीची वीतभर माती तेवढी कायम ओली राहते. म्हणजे मुळांना जिथे पाणी हवे तिथे ते पोहोचत नाही आणि खोडाला जिथे कोरडे राहायला हवे तिथे रोज ओल मिळते. ताम्हण वाढत नाही आणि देवचाफा कुजतो, या दोन्ही गोष्टी एकाच ठिबकावर घडतात त्या अशा.

खात्री करून घ्यायची असेल तर बांधकामातली उरलेली बोटभर जाडीची लोखंडी सळई घ्या आणि बुंध्यापासून दोन फुटांवर ती जमिनीत दाबा. ओली माती सळईला वाट देते; कोरडी लागली की हात अडतो. आपल्या अंगणात ती चार-सहा बोटांवरच अडेल, असा माझा अंदाज आहे. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सळई सहज दीड ते दोन फूट गेली पाहिजे. वरची माती कोरडी दिसते म्हणून पाणी सोडण्याची घाई नको. काळी जमीन वरून भेगाळलेली असली तरी फूटभर खाली मूठ वळण्याइतकी ओली असू शकते. मात्र भेगा मोठ्या पडल्या असतील, तर पहिले पाणी सावकाश द्यावे, तासभर थांबावे आणि मग पुन्हा द्यावे. पहिल्या पाण्याने माती फुगून भेगा मिटतात, एरवी सगळे पाणी भेगांतून सरळ खाली निघून जाते.

आता ठिबकाची मांडणी. बुंध्याजवळचे ड्रिपर काढून प्रत्येक झाडाला चार ड्रिपर द्या आणि ते बुंध्यापासून दोन फुटांवर चारी बाजूंना ठेवा. दरवर्षी झाडाचा घेर वाढेल तसे ते बाहेर सरकवा. आळेही संत्र्याच्या बागेत करतात तसे दुहेरी करा, म्हणजे आतल्या लहान वर्तुळात खोडाभोवती मातीचा उंचवटा राहील आणि पाणी बाहेरच्या वर्तुळातच फिरेल. चार ड्रिपर दोन तास चालले की 32 लिटर पाणी बसते. दोन वर्षांच्या झाडाला एका वेळेस तेवढे पुरे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक झाडाच्या नळीला स्वतंत्र छोटा कॉक बसवा. हा खर्च किरकोळ आहे आणि त्याशिवाय पुढचे काहीच जमणार नाही. उन्हाळ्यात ताम्हणाला दोन दिवसांआड, सोनचाफ्याला तीन-चार दिवसांआड, पारिजातक आणि बकुळीला आठवड्यातून एकदा आणि बहाव्याला दहा-बारा दिवसांतून एकदा, असे साधारण धरून चाला. शेवटचा निर्णय सळईचा. पाणी पहाटे द्या. दुपारी काळ्या नळीत तापलेले पाणी मुळांना चटका देते, हे केळीवाल्यांना वेगळे सांगायला नको.

सोनचाफ्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याचे दुखणे पाण्याच्या मापाचे कमी आणि पाण्याच्या जातीचे अधिक आहे. कूलरचे पाणी आधी बंद करा. कूलरमध्ये पाणी जाळीवरून झिरपते तेव्हा त्यातले शुद्ध पाणी वाफ होऊन उडते आणि क्षार मागे राहतात. त्यात आपण रोज नवे जड पाणी ओततो, त्याचेही क्षार त्यात जमा होतात. जाळीवर आणि टाकीच्या कडांना जो पांढरा थर बसतो, तो याचाच पुरावा. आर.ओ.चेही तेच आहे: आपल्या पिण्याच्या पाण्यातून जे क्षार काढले, तेच त्या वाया जाणाऱ्या नळीतून बाहेर पडतात. पाणी वाया जाऊ नये ही आपली भावना रास्त आहे, पण त्या पाण्याने फरशी पुसा किंवा ते संडासात वापरा. पानांच्या कडा करपण्याचे बरेचसे कारण हेच असावे. याउलट घरात एसी असेल, तर त्याच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतल्या बाष्पाचे असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात. ते सोनचाफ्याला अमृतासारखे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते थोडेच मिळते, पण मिळेल तेवढे साठवा. नळाला धरणाचे पाणी येत असेल, तर त्यातलाही वाटा आधी सोनचाफ्याचा.

पिवळेपणाचा उलगडा पानात पाहा. एक नवे पान तोडून उजेडाकडे धरा. शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग पिवळा, क्वचित पांढरट दिसत असेल, तर ती लोहाची कमतरता आहे. खालची जुनी पाने सरसकट पिवळी पडली असती, तर नत्राचा संशय घेतला असता. आपण मात्र नवी पालवी पिवळी असल्याचे लिहिले आहे. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत लोह नसते असे नाही, पण चुनखडीमुळे ते मुळांना घेता येत नाही आणि जमीन सतत ओली राहिली तर ही अडचण आणखी वाढते. म्हणजे पान पिवळे पडले म्हणून आपण जे जास्तीचे पाणी घातले, त्यानेच ते अधिक पिवळे पडले. नव्या घराच्या अंगणात आणखी एक शक्यता असते, ती भरावाची. बांधकामाच्या वेळी सिमेंटचा मलबा आणि गिलाव्याचे तुकडे अंगणातच पसरून त्यावर माती टाकलेली असते. फूटभर खोलीवरचे एक वाळलेले ढेकूळ काढून त्यावर चमचाभर व्हिनेगर टाका. त्यावर बुडबुडे उठून फसफसले, तर जमिनीत चुना भरपूर आहे असे समजा.

अशा जमिनीत नुसते हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, टाकून उपयोग होत नाही, कारण तेही थोड्याच दिवसांत चुन्याबरोबर अडकून पडते. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे चुन्यात लगेच अडकू नये अशा रूपात बांधलेले लोह, मिळते. त्यात ई.डी.टी.ए. आणि ई.डी.डी.एच.ए. असे दोन प्रकार असतात. पहिला स्वस्त, पण चुनखडीच्या जमिनीत टिकत नाही, म्हणून जमिनीतून द्यायचे असेल तर दुसराच मागा आणि पुडीवरच्या प्रमाणाने द्या. तोवर झाडाला लवकर उभारी यावी म्हणून एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पानांच्या दोन्ही बाजूंवर फवारा. दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीन फवारण्या कराव्यात. जुनी पिवळी पाने हिरवी होतीलच असे नाही, नव्या पालवीवर लक्ष ठेवा. चुनखडीवर उपाय म्हणून गंधक टाकण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईल. जिथे चुना फसफसतो तिथे ते गंधक चुनाच खाऊन टाकतो, म्हणून त्यावर पैसे घालवू नयेत असे माझे मत आहे. त्यापेक्षा श्रावणात, कानबाईच्या सणाच्या सुमारास, जमिनीला चांगला वाफसा (खणता येईल इतपतच ओल) आला की, झाडाच्या घेराच्या बाहेर एकाच बाजूला दीड फूट खोल चर घ्या, मलबा काढून टाका आणि त्यात कुजलेले शेणखत, पालापाचोळ्याचे खत व थोडी निंबोळी पेंड भरा. चारी बाजू एका वर्षात उकरू नका. पुढच्या पावसाळ्यात दुसरी बाजू.

छपरावरच्या पावसाचाही विचार करा. 1000 चौरस फुटांच्या गच्चीवर 25 मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे 2300 लिटर पाणी उतरते. पहिल्या दोन पावसांचे धुळीचे पाणी सोडून द्या आणि नंतरचे एका टाकीत धरा. हे पाणी सोनचाफ्याला दिले की आळ्यात साचलेले क्षारही खाली धुऊन जातात.

देवचाफा मात्र आज-उद्याच पाहावा लागेल. मऊ भागावर चाकूने हलकेच खरवडा. आत तपकिरी आणि चिकट लागले, आणि ते खोडाच्या सगळ्या बाजूंनी पसरले असेल, तर मूळ झाड वाचणार नाही. त्यावर औषधे ओतत बसू नका. वरच्या निरोगी भागाची फूट-दीड फुटाची फांदी कापा. कापावर पांढरा चीक यायला हवा आणि आतला भाग स्वच्छ दिसायला हवा. मध्यभागी तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. पाने काढून फांदी आठ-दहा दिवस सावलीत तशीच आडवी ठेवा, म्हणजे काप सुकून त्यावर पापुद्रा धरेल. या फांदीच्या बाबतीत लोक घाई करतात आणि ओला काप मातीत खुपसून ती कुजवतात. मग कुंडीत बारीक मुरूम आणि थोडे शेणखत एकत्र करून ती लावा, एकदा पाणी द्या आणि पाने फुटेपर्यंत माती जेमतेम ओली राहील एवढेच बघा. पुढच्या वर्षी जमिनीत लावताना फूटभर उंच मातीचा ओटा करून त्यावर लावा. काळ्या जमिनीत खोल खड्डा घेऊन तळाशी वाळू भरण्याची पद्धत आहे. तिने निचरा होत नाही, उलट पावसाळ्यात त्या खड्ड्याचा हौद होतो. मोठ्या झालेल्या देवचाफ्याला पाने असताना पंधरा दिवसांतून एकदा पाणी पुरते आणि थंडीत पाने गळाली की एक थेंबही नको.

बहाव्याची काळजी सोडा. होळीच्या आसपास पाने टाकणे हा त्याचा धर्मच आहे आणि फुलायचे असते तेव्हा तो उघड्या फांद्यांवर, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे, पिवळ्याधमक घोसांनी फुलतो. रोपापासून वाढलेल्या बहाव्याला फुलायला पाच-सहा वर्षे किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात. दोन वर्षांच्या झाडाकडे फुले मागणे लवकर होईल. या काळात नत्राची खते देऊ नका. झाड मोठे झाल्यावर दिवाळीनंतर त्याचे पाणी हळूहळू तोडत न्या. लिंबू किंवा डाळिंबाच्या बहाराआधी ताण देतात तसाच हा ताण आहे. यजमानांना त्याबद्दल वेगळे समजावण्याची गरज पडणार नाही. फक्त हा ताण सोनचाफा आणि ताम्हणाला लावू नका. पावसाळ्यात बहाव्याच्या पानांवर हिरव्या अळ्या दिसतील. त्या पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या असतात आणि झाड त्यांना पुरून उरते, म्हणून फवारणीची गरज नाही.

ताम्हण हे आपले राज्यपुष्प असले, तरी खानदेशात त्याला पाहुण्यासारखेच सांभाळावे लागते. त्याची फुले त्याच वर्षीच्या नव्या फुटव्यांच्या टोकांना येतात आणि फुटवे जोमदार निघायला फेब्रुवारीपासूनच भरपूर ओल लागते. थंडीच्या शेवटी शेंडे हलके छाटा आणि लगेच पाणी सुरू करा. भाज्या-धान्य धुतलेले पाणी त्याला चालेल. कपड्यांच्या साबणाचे पाणी मात्र नको, कारण त्यातला सोडा काळ्या जमिनीला अधिकच चिकट करतो. पारिजातक आणि बकुळ खुशाल आहेत, त्यांना खुशाल राहू द्या. पारिजातकाची पाने मे महिन्यात मरगळतात, पण पावसात तो पुन्हा उभा राहतो.

सगळ्यांच्या आळ्यांत आच्छादन हवेच. गव्हाचे काड, केळीची वाळलेली पाने किंवा बारीक केलेल्या पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे), जे शेतात असेल ते चार बोटे जाड पसरा. ते खोडाला टेकू देऊ नका, नाहीतर उधई (वाळवी) चढते. पश्चिमेकडून येणाऱ्या झळांसाठी केळीच्या बागेभोवती शेवरी लावतात, ते आपल्या परिचयाचे असेलच. अंगणात सोनचाफ्याच्या पश्चिमेला निम्म्या सावलीची हिरवी जाळी लावली तरी पुरे. तो भिंतीला किंवा फरशीला लागून असेल, तर तिथून परत येणारी धगही कडा करपवते. मृगाचे चांगले पाऊस झाले की जाळी उतरवा आणि सगळी आळी एका बाजूने फोडून पाण्याला वाट द्या. काळ्या जमिनीत उन्हाळ्यापेक्षा श्रावणात साचलेल्या पाण्याने मुळे कुजून मेलेली झाडे मी अधिक पाहिली आहेत.

गुलमोहर घराला लागून लावू नका. त्याची मुळे वरच्या थरात लांबवर पसरून फरशी उचलतात, पसारा तीस-चाळीस फुटांचा होतो आणि फांद्या ठिसूळ असल्यामुळे वळवाच्या वादळात त्या मोडून पडतात. शेताच्या बांधावर किंवा खळ्यापाशी जागा असेल, तर तिथे जरूर लावा. घराच्या कोपऱ्यात मुलाला तोच लाल-केशरी रंग हवा असेल, तर शंकासुर लावायला सांगा. गुलमोहराच्याच जातकुळीतला, आठ-दहा फुटांवर थांबणारा आणि आपल्या उन्हाला न भिणारा आहे. त्याचे बी टणक असते. वाळलेल्या शेंगेतले बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून मृगात लावले, तर साधारण वर्षभरातच फुलायला लागते. पहिला उन्हाळा आठ-दहा दिवसांतून एकदा बादलीभर पाणी त्याला पुरेल आणि दरवर्षी थंडीच्या शेवटी गुडघ्याएवढा छाटला की तो आटोपशीर राहील.